देवालाच दारू चढवणाऱ्या मुलखात दारू सोडायला सांगणारे गुलाम महाराज कोण होते?

नंदुरबार जिल्ह्यातलं धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव, ऐन सातपुड्यात वसलेलं. या भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजात दारू ही फक्त प्यायची गोष्ट नाही. परंपरेने सण असो, लग्न असो की नवस, मोहाच्या दारूची धार आधी जमिनीवर पडते. पूर्वजांना आणि देवांना त्यांचा वाटा मिळाला की मग माणसांची पाळी.

महाशिवरात्रीच्या सुमारास इथले लोक सीमेपलीकडे गुजरातमधल्या देवमोगराला याहा मोगीच्या यात्रेला जातात. अन्नधान्य देणारी ही माता. तिला धान्य, कोंबडं-बोकड आणि मोहाची दारू वाहतात.

आता विचार करा. अशा मुलखात एक भिल्ल माणूस उभा राहतो आणि दारू सोडा म्हणतो. आणि लोक हजारोंनी त्याचं ऐकतात!

हे घडलं सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावात. काळ १९३७-३८ चा. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, हा सगळा पश्चिम खानदेश होता. आणि हा माणूस म्हणजे गुलाम महाराज. काही लिखाणात त्यांचं नाव गुला महाराज असंही येतं.

लोकांनी का ऐकलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मोहाची दारू पूर्वी घरोघरी गाळली जायची. फुलं जंगलातली, भट्टी घरची. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा ठरवला. देवाला धार तर द्यायचीच होती, पण ती आता ठेकेदाराच्या दुकानातून विकत आणावी लागली. पैसे नसले की उधारी, उधारी वाढली की सावकार आणि शेवटी जमीन दुसऱ्याच्या नावावर. तापीकाठच्या सुपीक शहादा-तळोदा पट्ट्यात कितीतरी आदिवासी आपल्याच जुन्या जमिनीवर सालदार म्हणून राबू लागले.

म्हणजे जी दारू देवाशी जोडत होती, तीच आता सावकाराशी बांधत होती.

गुलाम महाराजांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांची शिकवण अगदी सोपी होती. दारू आणि मांस सोडा, रोज आंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा आणि एकत्र येऊन आरती करा. दर सोमवारी मोरवडला आरती होऊ लागली आणि गावोगावचे भिल्ल तिथे पायी येऊ लागले.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. एकमेकांना आप म्हणायचं. ज्या माणसांना बाजारात, शेतावर, कचेरीत कायम अरे-तुरे ऐकावं लागायचं, ती एकमेकांना आदराने हाक मारू लागली. भेटल्यावर आप की जय म्हणायची पद्धत पडली आणि पंथाची ओळखही तीच झाली.

अशी लाट या भागाला नवीन नव्हती. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींत देवीची चळवळ उठली होती. देवी अंगात येऊन दारू सोडायला सांगते, असं लोक मानत होते. ती लाट खानदेशातही पोचली होती.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असंच काहीसं घडत होतं. १९३९ मध्ये व्हिएतनाममध्ये, मेकाँग नदीच्या खोऱ्यात, हुइन फू सो नावाच्या तरुणाने होआ हाओ हा बौद्ध पंथ सुरू केला. मोठी देवळं नकोत, महागडे विधी नकोत, घरीच पाणी, फुलं आणि उदबत्ती वाहा, असं तो गरीब शेतकऱ्यांना सांगायचा. तिथल्या फ्रेंच सरकारने त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. विधींचा खर्च गरिबाला बुडवतो, हे दोघांनीही आपापल्या मातीत ओळखलं होतं.

गुलाम महाराजांना मात्र फार वेळ मिळाला नाही. १९३८ मध्येच त्यांचं निधन झालं. पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम चालवलं. आदिवासींची ही एकजूट इंग्रज सरकारला खुपली आणि रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर काढण्यात आलं. तरीही पंथ संपला नाही.

पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात भजनी मंडळातून पुढे आलेल्या अंबरसिंग महाराजांनी आदिवासींच्या जमिनींसाठी लढा उभारला. त्या काळात आदिवासी बायकांनी गावोगाव दारूचे मडके फोडले. दारू आणि जमीन या दोन गोष्टींची गाठ लोक विसरले नव्हते.

पण एक प्रश्न उरतोच. दारू, मांस सोडून आरती करणं म्हणजे सुधारणा, की आपली जुनी रीत सोडून शेजारच्या हिंदू समाजासारखं होणं? अभ्यासकांत यावर दोन मतं आहेत. वाघदेव, याहा मोगी आणि पूर्वजांना मानणाऱ्यांना धारेशिवाय पूजा अपुरी वाटते. आप मानणाऱ्यांना दारूशिवायचं घर हीच पूजा वाटते.

आज नंदुरबार जिल्ह्यात या दोन्ही वाटा शेजारी-शेजारी चालतात. मोरवडला आता रंजनपूर असंही म्हणतात आणि गुलाम महाराजांना मानणारे लोक तिथे अजूनही जमतात. महाशिवरात्रीला देवमोगराची वाटही तितकीच गजबजते.