हात धुवायला लावणारा डॉक्टर

इग्नाझ सेमेलवाइस, जन्म १८१८, हंगेरी. मला हा माणूस डॉक्टरपेक्षा आपल्या इंजिनिअर जमातीतलाच वाटतो, कारण त्याने आधी आकडे बघितले. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. १८४६ साली डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरात अकरा बायका दगावल्या, सुइणींच्या वॉर्डात जेमतेम तीन. इस्पितळ एकच, मग फरक कशाचा? १८४७ मध्ये त्याचे डॉक्टर मित्र कोलेचका शवविच्छेदनात सुरी लागून तशाच आजाराने गेले आणि याची ट्यूब पेटली! डॉक्टर मंडळी मुडदे चिरून थेट बाळंतिणींना तपासत. सुइणी मुडद्यांच्या वाटेला जात नसत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ मध्ये प्रमाण सव्वा टक्क्यावर आलं. वरिष्ठांना मात्र ते पटलं नाही (साहेबांचे हात अस्वच्छ कसे?). १८४९ मध्ये नोकरी गेली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला.