सर जमशेटजींचा जमाखर्च

१८२२ सालीं मुंबईच्या दिवाणी तुरुंगांत कित्येक गरीब ऋणको अडकून पडले होते. चोरी नाहीं, दरोडा नाहीं. सावकाराचें देणें फिटलें नाहीं, एवढाच त्यांचा अपराध. तुरुंगांत आहे म्हणून कमाई नाहीं, आणि कमाई नाहीं म्हणून सुटका नाहीं, असें तें चक्र होतें. त्या वर्षीं एका पारशी व्यापाऱ्यानें त्यांचीं देणीं स्वतःच्या पदरचीं भरून त्यांस मोकळें केलें. हे गृहस्थ म्हणजे जमशेटजी जिजीभाई. त्यांच्या नांवाचें रुग्णालय व कलाशाळा हीं मुंबईंत सर्वांस ठाऊक आहेत. ही गोष्ट मात्र सहसा कोणी काढीत नाहीं. कायद्याच्या धंद्यांतील मनुष्यास येथें एक शब्द जोडल्यावांचून राहवत नाहीं. निव्वळ निर्धन अशा ऋणकोस कैदेंत टाकण्यास दिवाणी कायद्यानें आळा घातला तो १९३६ सालीं, म्हणजे ११४ वर्षांनीं. जमशेटजींनीं तितकी वाट पाहिली नाहीं.

त्यांचा जन्म १७८३ सालचा, घर गरिबीचें. सोळाव्या वर्षीं आईबाप दोघेही गेले. फ्रामजी नसरवानजी नांवाचे त्यांचे आप्त मुंबईंत रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत. त्यांच्या दुकानांत या पोरक्या मुलास आसरा मिळाला, व पुढें त्यांचीच कन्या आवाबाई हिच्याशीं त्याचा विवाह झाला. शिक्षण बेताचें, भांडवल जवळजवळ शून्य. अशा मुलास व्यापारांत पाय ठेवावयास मिळाला तो दुसऱ्यांच्या विश्वासावर. चीनच्या त्यांनीं पांच सफरी केल्या. १८०५ सालीं सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमारानें त्यांचें जहाज धरलें. जवळचें सारें गेलें, आणि ते कैदी होऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास केप येथें जाऊन पडले. तेथून ते कष्टानें परत आले. कैद म्हणजे काय, हें त्यांस कोणी समजावून सांगावें लागलें नसावें.

त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नांवाचा डॉक्टर होता. या ओळखीतून पुढें मोठा व्यापार वाढला; आणि येथेंच आम्हांस अप्रिय बोलणें भाग आहे. आरंभीं कापूस असला तरी त्या व्यापाराचा मोठा भाग पुढें अफूचा होता. १८३९ सालीं कॅन्टन येथें चिनी अधिकाऱ्यानें अफूच्या वीस हजारांवर पेट्या ताब्यांत घेऊन नष्ट केल्या. त्यांत जमशेटजींचाही माल होता, व भरपाईसाठीं त्यांनीं पुष्कळ खटपट केली. इंग्रजांनीं युद्ध पुकारलें, १८४२ सालीं नानकिंगचा तह झाला, आणि त्या अफूचे पैसे चीनच्या बोकांडीं बसले. त्याच सालीं जमशेटजी ‘सर’ झाले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्या काळीं सारेच तो व्यापार करीत आणि खुद्द कंपनी सरकार त्यांत आकंठ बुडालेलें होतें, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. पण त्यानें कंपनीचा दोष वाढतो, व्यापाऱ्याचा कमी होत नाहीं. ज्या चिनी घरांतून तो पैसा आला, त्या घरांचें देणें त्यांच्या वहींत कधीं मांडलें गेलें नाहीं.

आपल्या लोकांचें देणें मात्र त्यांनीं मांडलें. त्यांच्या व्यापारांतील सोबती पाहा: मोतीचंद अमीचंद जैन, महमद अली रोगे कोंकणी मुसलमान, रोजेरियो द फारिया गोव्याचे ख्रिस्ती. ज्या मिळकतीस इतक्यांचे हात लागले, तिचा खर्चही एका पंथापुरता राहिला नाहीं. पारशी मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं संस्था काढली हें खरें, परंतु १८४५ सालीं उघडलेल्या रुग्णालयांत धर्म विचारून औषध मिळत नसे. पुण्यास पाणी मिळावें म्हणून मुळा-मुठेवर बंधारा झाला, त्यासही त्यांचा पैसा लागला. १८५७ सालीं कलाशाळा सुरू झाली, व त्याच वर्षीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. देणग्यांची यादी लांब आहे. ती येथें देत नाहीं.

एकीचा उल्लेख मात्र टाळतां येत नाहीं, कारण ती त्यांच्या पत्नीची आहे. माहीम व वांद्रें यांमधील खाडी त्या काळीं होडीनें ओलांडावी लागे. पावसाळ्यांत होड्या उलटून माणसें बुडत. सरकार पूल बांधण्यास पैसे देईना. तेव्हां आवाबाईंनीं १,५०,००० रुपयांहून अधिक रक्कम दिली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कर घ्यावयाचा नाहीं अशी अट घातली. १८४५ सालीं तो रस्ता खुला झाला. सर जमशेटजी १४ एप्रिल १८५९ रोजीं वारले. भाजीवाले, मजूर, गाडीवाले आणि शेटसावकार आजही त्या खाडीवरून कांहीं न देतां जातात.