जगदीशचंद्र बोस : दोन नकारांची कहाणी

जुन्या लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड बदलायचे ठरले, की तंत्रज्ञ मागचे झाकण उघडतो, बॅटरीची जोडणी सोडवतो, पडद्याच्या कडेने आलेल्या दोन बारीक अँटेना-तारा अलगद काढतो आणि बोटाच्या पेराएवढे नवे कार्ड खाचेत बसवून स्क्रू आवळतो. घरातला राउटर तोच असतो. तरी कालपर्यंत अडखळणारे जाळे अनेकदा सुरळीत चालू लागते. सुधारणा झालेली असते ती लहर टिपणाऱ्या टोकाला. बिनतारी संदेशवहनाच्या अगदी आरंभकाळी हेच टोक सुधारण्यात ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घातली, ते आचार्य जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र हे ब्रिटिश सरकारच्या सेवेतील अधिकारी आणि ब्राह्म समाजाचे अनुयायी होते. त्या काळी अशा घरातील मुलाला इंग्रजी शाळेत घालणे हा प्रतिष्ठेचा भाग होता. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. परकी भाषा शिकण्यापूर्वी त्याने आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, अशी त्यांची धारणा होती. शेतकऱ्या-कोळ्यांची मुले ही जगदीशचंद्रांची पहिली सोबत. पुढे बंगालीतून विज्ञान लिहिण्याची गोडी त्यांना लागली, तिचे मूळ याच शाळेत आहे. आपापल्या गावी मराठी शाळा टिकवू पाहणाऱ्या आपल्या वाचकांना या निर्णयाचे मोल निराळे सांगायला नको.

कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे ओढले. १८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. पण तापाच्या दुखण्याने तो अभ्यास सुटला आणि त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स महाविद्यालयात निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले हे त्यांचे गुरू होते.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोन तृतीयांश वेतन, असा तेव्हाचा दंडक होता. त्यातून बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने आणखी कपात झाली. त्यांनी आरडाओरड केली नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज वर्गावर जात राहिले आणि वेतन मात्र घेईनात. तब्बल तीन वर्षे हे चालले. घरची स्थिती बेताची होती. वडिलांच्या फसलेल्या उद्योगांचे कर्ज डोक्यावर होते. १८८७ मध्ये अबलादेवींशी विवाह झाला आणि ओढगस्तीच्या त्या दिवसांत त्या पतीच्या निश्चयाच्या वाटेकरी झाल्या. अखेर सरकारने हार मानली. त्यांना पूर्ण वेतन, तेही पूर्वलक्षी प्रभावाने मिळाले आणि ती रक्कम कर्जफेडीत गेली. हा त्यांचा पहिला नकार. तो हक्कासाठी होता आणि तो फळाला आला.

१८९४ च्या आरंभी हर्ट्झ यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या विद्युत-लहरींवरील कार्याची ऑलिव्हर लॉज यांनी करून दिलेली ओळख बोस यांच्या वाचनात आली. त्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचा संकल्प केला. महाविद्यालयात प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडवली. हर्ट्झ यांच्या लहरी लांब असल्याने त्यांना अवजड आरसे आणि लोलक लागत. बोस यांनी तरंगलांबी घटवत पाच मिलिमीटरपर्यंत आणली आणि सारा सरंजाम टेबलावर मावू लागला. लहरींचे ध्रुवण तपासण्यासाठी त्यांनी पिळलेला ताग वापरला, तसेच पानापानांत धातूचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रकही वापरले. कोलकात्याच्या टाउन हॉलमधील जाहीर प्रयोगात त्यांच्या लहरींनी भिंती ओलांडून दूर ठेवलेली घंटा वाजवली आणि दारू पेटवली. २९ जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले, तेव्हा लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या कामाने प्रभावित झाले होते.

खरी अडचण लहर निर्माण करण्यापेक्षा ती टिपण्यात होती. त्या काळचे ग्राहक यंत्र, म्हणजे कोहेरर, धातूच्या किसाने भरलेली काचनळी असे. लहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. मग नळीला टिचकी मारून ते कण पुन्हा सुटे करावे लागत. टिचकी चुकली की पुढचा संदेश हुकला. बोस यांनी किसाऐवजी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा योजल्या. बंगालच्या दमट हवेत त्या गंजत, म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा चढवला. पावसाळ्यात यंत्रांना बुरशी लागताना पाहणाऱ्या गोमंतकीयाला ही धडपड सहज उमगेल. १८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पारा यांचा, आपोआप पूर्वस्थितीला येणारा कोहेरर मांडला. त्याला टिचकी नको होती.

१२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपार संदेश ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. त्यांच्या हाती असलेले ग्राहक यंत्र पाऱ्याचेच होते आणि ते इटलीच्या नौदलाकडून आल्याचे सांगितले गेले. ते मुळात कोणी घडवले, यावर इटलीतच वाद रंगला. त्यात बोस यांचे नाव कुठे नव्हते. प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये जुनी कागदपत्रे तपासून त्या यंत्राचे मूळ बोस यांच्या १८९९ च्या निबंधात असल्याचे दाखवले. तोवर जवळपास शतक उलटले होते. मार्कोनी यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते.

बोस यांचा दुसरा नकार नेमका याच काळातला. १९०१ मध्ये लंडनच्या व्याख्यानापूर्वी तारायंत्र-व्यवसायातील एका धनिकाने त्यांना गाठले. व्याख्यानात सारे उघड करू नये, पेटंट घ्यावे, नफा वाटून घेऊ, असा त्याचा आग्रह होता. बोस यांनी तो धुडकावला आणि त्या मोहाविषयीची आपली शिसारी मित्र रवींद्रनाथांना पत्राने कळवली. पुढे सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांच्या आग्रहाखातर अमेरिकेत अर्ज झाला आणि गॅलेना या शिशाच्या खनिजावर चालणाऱ्या लहरशोधकाचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणांच्या पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. बोस यांनी त्यातून कसलाही लाभ घेतला नाही. पेटंट तसेच विरून गेले.

हा नकार त्यांना महाग पडला, हे मान्य केले पाहिजे. हक्क नोंदवला असता तर श्रेयाच्या वादात त्यांचे नाव गाळणे कठीण झाले असते. परंतु दोन्ही नकारांमागचा विचार एकच होता. वेतन ही श्रमाची आणि समतेची बाब होती, म्हणून त्यात एक पैही कमी घ्यायची नाही; ज्ञान ही सर्वांची ठेव होती, म्हणून तिच्यावर एक पैही घ्यायची नाही. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्यात बोस संस्था स्थापन करताना, तेथील शोधांवर पेटंट घेतले जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. तोवर ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले होते. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या वाय-फायचा उगम थेट बोस यांच्या प्रयोगशाळेत झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; त्यामागे अनेकांचे हात आहेत. पण लॅपटॉपमध्ये बसवण्यासाठी ६० गिगाहर्ट्झवर चालणारी वायगिग कार्डे निघाली, तेव्हा त्यांची तरंगलांबी पाच मिलिमीटर होती. कोलकात्याच्या त्या लहानशा खोलीत बोस यांनी शतकापूर्वी हाताळलेली, तीच.