इचेनकाठचे ग्रेसाहेब

पहिल्या महायुद्धाची कारणं पाठ करताना सर एडवर्ड ग्रे हे नाव आपल्यातल्या इतिहासवाल्यांनी एकदा तरी लिहिलेलं असतं. १९१४ साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री, एवढंच. मीही तेवढंच लिहून मार्क मिळवले. मग ग्रंथालयात पक्ष्यांवरची पुस्तकं चाळताना त्याच नावाचा लेखक सापडला. वाटलं, हा दुसरा कोणी ग्रे असेल. पण माणूस एकच. पक्ष्यांवर तर त्यांनी लिहिलंच, पण त्याच्या कितीतरी आधी, १८९९ साली, मासे धरण्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं.

एडवर्डचा जन्म १८६२ चा. वडील तो बारा वर्षांचा असताना गेले. आजोबा सर जॉर्ज ग्रे ब्रिटनचे गृहमंत्री राहिलेले. १८८२ मध्ये ते वारले आणि सरदारकी व इंग्लंडच्या उत्तर टोकाची फॅलोडनची जमीन नातवाकडे आली. त्याआधी तो दक्षिणेला विंचेस्टरच्या शाळेत होता. त्या गावातून इचेन नदी वाहते आणि तिथेच त्याला नाद लागला.

ही नदी आपल्या नद्यांसारखी नाही. आमची मार्कंडेय पावसाळ्यात लाल होते, उन्हाळ्यात डबक्यांची होते. इचेनच्या खाली खडूचा खडक आहे. पाऊस त्यात मुरतो, गाळला जातो आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश वर येतो. म्हणून पाणी बाराही महिने जवळपास एकसारखं, उन्हाळ्यात गार, आणि इतकं नितळ की तळातला गोटा न् गोटा दिसतो. पण आपल्याला मासा दिसतो तसे आपणही माशाला दिसतो. गळाला गांडूळ लावून विडी ओढत बसण्याचं हे काम नव्हे.

पिसं आणि रेशमी दोरा बांधून गळावर खोटी माशी तयार करायची. ती बुडता कामा नये, तरंगली पाहिजे. ट्राउट मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण त्याच्या मागून, खालच्या अंगाने वाकत जायचं. तो कुठे वर येऊन खरी माशी टिपतोय ते हेरायचं आणि आपली माशी त्याच्या हातभर पुढे अलगद टाकायची. ती खऱ्या माशीसारखी वाहत आली पाहिजे; दोरी जरा ओढली गेली की मासा गायब. सगळा खेळ नजरेचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याला ऋतू असतो. एप्रिलपासून पाणवनस्पती वाढू लागतात. मे-जूनमध्ये पाण्यावर त्यांची पांढरी फुलं तरंगतात, माश्यांचे थवे निघतात आणि ट्राउट दिवसाढवळ्या वर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो हुशार झालेला असतो, संध्याकाळची वाट पाहावी लागते. सप्टेंबरनंतर ट्राउटला सुट्टी आणि ग्रेलिंगची पाळी. पाठीवर शिडासारखा मोठा पर असलेला हा मासा थंडी पडली तरी माशीला येतो.

ऑक्सफर्डमध्ये साहेबांनी अभ्यास सोडून सगळं केलं. १८८४ मध्ये आळशीपणाबद्दल त्यांना चक्क काढून टाकलं. परत येऊन कशीबशी तिसऱ्या वर्गात पदवी घेतली. (याच विद्यापीठाने १९२८ मध्ये त्यांना कुलपती केलं. एटीकेटीवाल्यांनी धीर धरावा.) १८८५ मध्ये खासदारकी आणि लग्न दोन्ही झालं. पत्नी डोरोथी यांनाही शहराचा कंटाळाच. १८९० मध्ये दोघांनी इचेन ॲबस गावी नदीकाठी लहानसं घर बांधलं. पार्लमेंटचं कामकाज नेमकं मे-जूनमध्ये जोरात. मग शनिवारी पहाटेची गाडी धरून लंडन सोडायचं. कुठलं फूल उमललं, कुठला पक्षी गायला, हे दोघं मिळून एका वहीत लिहीत.

डिसेंबर १९०५ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि दोनच महिन्यांत डोरोथी घोडागाडीतून फेकल्या जाऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं. ग्रे कामाला जुंपले ते सलग अकरा वर्षं. वहीतली पानं पुढे त्यांनी खाजगीरीत्या छापून घेतली.

आता जुलै १९१४. ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता दिला. मुदत संपायची त्या शनिवारी, २५ तारखेला, ग्रे नेहमीप्रमाणे इचेनकाठी गेले. रविवारी तिथूनच, चार सत्तांच्या परिषदेच्या प्रस्तावाला त्यांनी तारेने संमती दिली. ती परिषद काही झाली नाही. यावरून टीकाकार त्यांना आजही सोडत नाहीत. मला विचाराल तर त्या दोन दिवसांत लंडनमध्ये बसून फार काही बदललं असतं असं वाटत नाही. त्यांचा खरा दोष मला दुसरा वाटतो: फ्रान्सला आपण कितपत शब्द देऊन बसलोय, हे त्यांनी वर्षानुवर्षं देशाला नीट सांगितलं नाही. नितळ पाण्याच्या माणसाने हे केलं, याचं जास्त वाईट वाटतं. ३ ऑगस्टला पार्लमेंटमध्ये त्यांनी भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटन युद्धात उतरलं.

त्याबरोबर आपणही उतरलो, आपल्याला कोणी विचारलं नाही. मराठा सेंटरवरून जाताना मला हे हटकून आठवतं. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत कूतच्या वेढ्यात उपाशी अडकल्या. तीही नदीच, टायग्रिस.

ग्रे यांची नजर युद्धाआधीच अधू होऊ लागली होती. १९१६ मध्ये मंत्रिपद सुटलं तोवर वाचणं कठीण झालं होतं. पुढे ते ब्रेल शिकले. पाण्यावरची इवलीशी माशी दिसेना, म्हणजे इचेनवरचा खेळ संपलाच. मग ते सामन माशामागे गेले, कारण तिथे माशी पाण्याखाली असते आणि मासा लागला की हाताला कळतं. १९१७ मध्ये फॅलोडनचं घर जळालं, १९२३ मध्ये इचेनकाठचं. १९२२ मध्ये पामेला यांच्याशी दुसरं लग्न झालं, त्याही सहा वर्षांनी गेल्या. पक्ष्यांवरचं पुस्तक १९२७ चं, म्हणजे नजर जवळजवळ गेल्यानंतरचं. त्यात पक्ष्यांच्या आवाजांना एवढी जागा का, ते मला आता कळलं.

७ सप्टेंबर १९३३ ला फॅलोडनला ते वारले. तिथल्या तळ्यावरची बदकं त्यांच्या हातून दाणे खात. त्यांचा एक फोटो आहे: म्हातारे ग्रेसाहेब बसलेत आणि टोपीवर एक रॉबिन पक्षी निवांत बसलाय. तो त्यांना दिसत नाहीये, पण तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे.