‘ओपन ॲक्सेस’ आणि रंगनाथन

‘ओपन ॲक्सेस’ म्हणजे आज इंटरनेटवर मोफत मिळणारे शोधनिबंध. शंभर वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता खुली कपाटे. मद्रासमध्ये गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. काम इतके कमी की काही दिवसांतच कंटाळून त्यांना वर्गात परतायचे होते! प्रशिक्षणासाठी मात्र ते लंडनला गेले. तिथे वाचक कपाटातून स्वतः पुस्तक काढताना दिसले आणि त्यांचे मन पालटले. परतल्यावर त्यांनी मद्रासची कपाटेही वाचकांना खुली केली. पुस्तके चोरीला जाण्याची भीती होतीच. पण राखणीपेक्षा वापर मोठा, हेच त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांचे मूळ. पुढे आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी याच विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. १९७२ मध्ये बंगळूरला त्यांचे निधन झाले.