प्रेसिडेन्सी कॉलेजातला एक्स-रे

माझे बाबा लष्करी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहेत. त्यांची बदली कोलकात्याला झाली, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो. कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं पाहत फिरताना बाबा प्रेसिडेन्सी कॉलेजच्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, की त्यांच्या कामाची या शहरातली सुरुवात इथली आहे. मला आधी पटलं नाही. जगदीशचंद्र बोस आम्हाला पाठ्यपुस्तकात भेटतात ते झाडांचे शास्त्रज्ञ म्हणून.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा. लंडनला ते डॉक्टर व्हायला गेले होते. पण ताप पाठ सोडेना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसवेना, म्हणून ते केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकले. 1885 मध्ये प्रेसिडेन्सीत प्राध्यापक झाले. हिंदी माणसाला इंग्रजापेक्षा कमी पगार, हा अन्याय त्यांना मान्य नव्हता. तीन वर्षं त्यांनी पगाराला हात लावला नाही, शिकवणं मात्र चालू ठेवलं. शेवटी सरकारने पूर्ण पगार मागच्या थकबाकीसह दिला. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

1895 च्या नोव्हेंबरात जर्मनीत रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. थोड्याच काळात बोस यांनी कॉलेजात तसं यंत्र जुळवलं. 1899 मध्ये त्यांनी रवींद्रनाथ ठाकुरांना पत्रातून सकाळी कॉलेजातच भेटायला बोलावलं, कारण पाठ मोडलेल्या एका रुग्णाला त्यांना क्ष-किरणांनी तपासायचं होतं. डॉक्टर होता होता राहिलेला माणूस असा रुग्णाजवळ पोचला. त्याच सुमारास, 1897-98 च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हर सरहद्दीवर असंच यंत्र घेऊन जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधत होते.

तेव्हा कुणाच्याच अंगावर शिशाचा एप्रन नसे. नळी नीट चालते का, हे पाहायला लोक स्वतःचाच हात किरणांत धरत. एडिसन यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली यांचे हात त्यात गेले आणि 1904 मध्ये ते वारले.

आता ऑपरेशन चालू असताना सी-आर्म यंत्राने हाड पडद्यावर दिसतं. बाबांनी मला समजावलं, की यंत्राजवळच्या लोकांना मुख्य त्रास रुग्णाच्या अंगावरून विखुरणाऱ्या किरणांचा. म्हणून नळी टेबलाखाली ठेवायची. पेडल दाबून धरायचं नाही, क्षणभर दाबून सोडायचं आणि शेवटचं चित्र पडद्यावर तसंच ठेवून काम करायचं. अंतर दुप्पट झालं की मारा साधारण चौथाई होतो, म्हणून एक पाऊल मागे. एनसीसीच्या फायरिंग रेंजवर उस्ताद आम्हाला मागे राहायला सांगतात, ते मला आठवलं.

बोस यांचं 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीह इथे निधन झालं. बाबांच्या छातीवर एप्रनच्या आत एक लहानसा टीएलडी बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो, आणि अहवाल आला की आई तो आधी वाचते.