प्रेड स्ट्रीटवरची ती खोली

लंडनला परत निघताना बॅगेत काय काय भरलं जातं, ते तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि एका कोपऱ्यात औषधांची पिशवी. त्या पिशवीत अँटिबायोटिकच्या दोन-तीन स्ट्रिपा हमखास. इथे साधा घसा दुखला तर डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देत नाहीत, म्हणून आपली सोय आपणच केलेली बरी! माझ्या पिशवीतल्या गोळ्या बहुतेक वेळा बाबांच्या उरलेल्या असायच्या.

बाबा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झाले. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना पेनिसिलिन बनवायचा, त्यामुळे आमच्या घरात पेनिसिलिन हा शब्द मिठासारखा रोजचा. निवृत्तीनंतर स्कूटरवरून पडून बाबांच्या नडगीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. काही महिन्यांनी तिथून पू येऊ लागला. गोळ्या घेतल्या की थांबायचा, सोडल्या की पुन्हा सुरू. बरं वाटलं की बाबा तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करायचे आणि उरलेल्या माझ्यासाठी जपून ठेवायचे. काही वाया घालवायचं नाही, हा त्यांचा संस्कार. असं दोन वर्षं चाललं. शेवटी तपासणीत स्टॅफिलोकोकस निघाला, तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. पाय वाचेल की नाही, अशी भाषा डॉक्टर बोलू लागले.

त्याच दिवसांत मी पॅडिंग्टनला प्रेड स्ट्रीटवर, सेंट मेरीज हॉस्पिटलमधली अलेक्झांडर फ्लेमिंग यांची खोली पाहायला गेलो. तेव्हा तिथे म्युझियम उघडं होतं. आपल्या घरातल्या स्वयंपाकघराएवढी खोली. टेबल, काचेच्या बशा, मायक्रोस्कोप. बाबांचा कारखाना आणि बाबांचा आजार, दोन्हींचा धागा या एवढ्याशा खोलीत सापडेल असं वाटलं नव्हतं.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१चा, स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळच्या शेतावरचा. सात वर्षांचे असताना वडील गेले. कोकणातली पोरं मुंबईला काकाकडे यायची ना, तसेच तेही शाळकरी वयात थोरल्या भावाकडे लंडनला आले. चार वर्षं जहाज कंपनीत कारकुनी केली. मग एक काका वारले, २५० पौंड वाट्याला आले आणि डॉक्टर भावाच्या सल्ल्यावरून १९०३ साली त्यांनी सेंट मेरीजमध्ये नाव घातलं. १९०६ साली पदवी मिळाली. व्हायचं होतं सर्जन, पण नेमबाजी उत्तम! रायफल क्लबला आपला गडी सोडायचा नव्हता, म्हणून त्यांना तिथल्याच आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. ते पुढे जन्मभर सेंट मेरीजलाच राहिले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या बुलोनला होते. जखमी सैनिक यायचे, जखमांवर जंतुनाशकं ओतली जायची, तरी माणसं पू होऊन मरायची. फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला गरम करून काटे काढले, म्हणजे फाटलेल्या जखमेचे कानेकोपरे तयार झाले. त्यात जंतू घातले, वरून औषध ओतलं. नळीतले जंतू मेले, काट्यांच्या टोकांतले जिवंत राहिले. वर औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशीच जास्त मारल्या. जखम साध्या मिठाच्या पाण्याने धुवा, मेलेलं मांस काढा, असं ते सांगत राहिले. फार थोड्यांनी ऐकलं.

ती नळीची गोष्ट वाचताना मला बाबांचा पाय दिसला. स्टॅफचे जंतू सळईवर चिकट थर करून बसतात, काही हाडाच्या आत लपतात. तिथे ते सावकाश वाढतात, आणि जंतू वाढत असताना काम करणारं औषध अशा झोपलेल्या जंतूंपुढे लुळं पडतं. वरवर जखम सुकते, आत घर शाबूत. म्हणून तर पुन्हा पुन्हा पू.

१९२१ साली सर्दी झालेली असताना फ्लेमिंग यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड बशीत टाकला आणि जंतू विरघळवणारं लायसोझाइम शोधलं. पण घातक जंतूंवर ते फारसं चालेना. पुढे १९२८ साली ते स्टॅफवरच एक प्रकरण लिहीत होते. या जंतूंच्या वसाहतींचे रंग का बदलतात आणि रंगाबरोबर त्यांचा घातकपणा बदलतो का, हे पाहायला बशा टेबलावर तशाच ठेवून ते सुट्टीवर गेले. ३ सप्टेंबरला परतले, तर एका बशीत बुरशी आलेली आणि तिच्या आसपासचे स्टॅफ विरून पारदर्शक झालेले. आपण बुरशी आलेली भाकरी टाकून देतो. त्यांनी ती बशी जपली. पुढच्या वर्षी बुरशीच्या रसाला पेनिसिलिन हे नाव दिलं, लेख छापला. दाद मिळाली नाही. रस टिकेना, शुद्ध होईना, म्हणून हळूहळू त्यांनीही नाद सोडला.

ते औषध झालं ऑक्सफर्डला. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० साली उंदरांवर त्याचा गुण दाखवला. पुढच्या वर्षी जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात असलेल्या एका पोलीस शिपायाला ते दिलं. तो सुधारला. लघवीतून औषध परत गाळून पुन्हा टोचलं, तरी साठा संपला. जंतू उलटले आणि तो गेला. अर्धवट उपचार म्हणजे काय, ते तिथेच दिसलं.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळालं. त्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी नुसती फुशारकी मारली नाही. उद्या हे औषध दुकानात कुणालाही मिळेल, कुणीतरी घशासाठी थोडंसंच घेईल, जंतू मरण्याऐवजी शिकून शहाणे होतील आणि त्याच्याकडून ते बायकोला लागतील. तिच्यावर मग पेनिसिलिन चालणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयात निम्म्याहून जास्त स्टॅफ पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. हे जंतू औषध तोडणारा पदार्थच तयार करायचे. त्यावर मेथिसिलिन आलं, तर १९६१ साली त्यालाही न जुमानणारे स्टॅफ याच देशात सापडले. फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी गेले. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी पुरल्या आहेत.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि बशीपासून बायकोपर्यंत सगळी गोष्ट सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की जन्मभर औषध बनवलं, घ्यायला मात्र शिकलो नाही. त्यांच्या आजाराला अर्धवट गोळ्या किती कारणीभूत आणि सळई किती, ते डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण सळई काढली, मेलेलं हाड खरवडलं, सहा आठवडे शिरेतून औषध दिलं. या वेळी बाबांनी एकही डोस चुकवला नाही. पाय वाचला. आता काठी घेऊन कॉलनीत फेऱ्या मारतात.

माझ्या कपाटातल्या स्ट्रिपा मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नेऊन दिल्या. इथे उरलेली औषधं ते परत घेतात. या वर्षी येताना बॅगेत तेवढीच जागा झाली. आईने तिथे कुळथाचं पीठ कोंबलं.